चेटकीण कूल असते का?

व्हॅम्पायर, राक्षस, शाळेची लायब्ररी आणि एक भन्नाट हिरॉइन. ‘बफी’चा एक एपिसोड पहिली तीस मिनिटं अक्षरशः जबरदस्त आहे आणि शेवटच्या दहा मिनिटांत चक्क माती खातो. नंदुरबारच्या मुलीला तो जरा जास्तच लागला...

आधी एक गोष्ट क्लिअर करते. मी ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’ची डाय-हार्ड फॅन आहे. त्यामुळे पुढे मी जे काही बडबडणार आहे ते घरच्या माणसाने घरच्या माणसाला सुनवावं तसं समजा.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९७ ते २००३, सात सीझन, १४४ एपिसोड. कॅलिफोर्नियातलं सनीडेल नावाचं एक काल्पनिक गाव. गावच्या शाळेच्या बरोब्बर खाली नरकाचं तोंड. आणि या सगळ्या भुताखेतांचा बंदोबस्त करायचा कुणी? तर बफी समर्स नावाच्या, शॉपिंगची आवड असलेल्या, गणितात बेताच्या, सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने. दिवसा युनिट टेस्ट, रात्री कब्रस्तानात गस्त. सोबतीला विलो ही अभ्यासू मैत्रीण, झँडर हा बडबड्या मित्र आणि जाइल्स हे चहाबाज ब्रिटिश लायब्रेरियन.

सिरियलची खरी गंमत अशी की त्यातलं प्रत्येक भूत म्हणजे टीनएजमधला कुठला ना कुठला प्रॉब्लेम असतो. कुणी आपल्याकडे लक्षच देत नाही? एका एपिसोडमधली मुलगी खरोखर अदृश्य होते. बॉयफ्रेंड एका रात्रीत बदलतो? बफीचा खरोखरच राक्षस होतो. ‘शाळा म्हणजे नरक आहे यार’ हे आपण सगळेच म्हणालोय, यांनी ते शब्दशः घेतलं. इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलवर कुणाच्या तरी हार्ड डिस्कमधून ही सिरियल माझ्या हाती लागली आणि त्या सेमिस्टरचं काय झालं ते विचारू नका.

तर मुद्दा आहे तिसऱ्या सीझनच्या अकराव्या एपिसोडचा. नाव ‘जिंजरब्रेड’. अमेरिकेत १२ जानेवारी १९९९ला पहिल्यांदा दाखवला गेला. परवा पुण्यातल्या फ्लॅटवर आम्ही तिघींनी मॅगी करून तो पुन्हा पाहिला. बाकीच्या दोघी शेवटाला खो-खो हसल्या. मला काही हसू आलं नाही.

सॉलिड तीस मिनिटं

एपिसोडची सुरुवात गोड आहे. बफीची आई, जॉइस, लेकीचं ‘काम’ बघायला डबा घेऊन रात्रीच्या गस्तीवर येते. (आया सगळीकडे सारख्याच!) बफी एका व्हॅम्पायरच्या मागे पळते, आणि आईला मुलांच्या खेळायच्या मैदानावर दोन मृतदेह सापडतात. एक लहान मुलगा, एक लहान मुलगी. हातावर कसलंसं चिन्ह.

जॉइस हादरते. कुठलीही आई हादरेल. मग ती रडते, मग चिडते, मग सगळ्या पालकांना गोळा करते. सभा होते, मेणबत्त्या लागतात, मुलांचे फोटो झळकतात. ‘आपल्या मुलांना वाचवा’ म्हणून जादूटोण्याविरोधात आयांची एक संघटनाच उभी राहते. शाळेत लॉकर तपासले जातात, जाइल्सच्या लायब्ररीतली पुस्तकं जप्त होतात. काळे कपडे घालणाऱ्या एका मुलाला कॉरिडॉरमध्ये चोप मिळतो. विलोला थोडीफार जादू येते, तिची मैत्रीण एमी तर खरीखुरी चेटकीण. दोघी लगेच संशयाच्या घेऱ्यात. बरं, ज्या चिन्हावरून एवढं रामायण, ते विलोने बफीच्या रक्षणासाठी काढलेलं असतं. पण ऐकतोय कोण!

यात एक जागा अशी आहे की मी दरवेळी तिथे पॉज करते. बफी आणि तिचे मित्र बोलत असतात आणि अचानक त्यांच्या लक्षात येतं, की अरे, या मुलांची नावं काय? आईबाप कोण? कुठल्या शाळेत होती? अख्खं गाव त्यांच्या नावाने पेटलंय आणि ती कोण हे कुणीच विचारलेलं नाही. लेखिकेला इथे सलाम. दुःख खरं आहे, त्यामुळे प्रश्न विचारणं पाप वाटतं, आणि प्रश्न विचारला नाही की गर्दी तयार होते.

आता, हे पाहून मला एवढं व्हायचं कारण काय? तर माझं गाव.

आमच्याकडचं सुपरनॅचरल

मी शहाद्याची. नंदुरबार जिल्हा. १ जुलै १९९८ला धुळ्यातून वेगळा झाला तो. पुण्यात सांगितलं की लोक विचारतात, ‘म्हणजे गुजरातमध्ये ना?’ नाही बाबांनो, महाराष्ट्रातच. सहा तालुके, खाली तापी, वर नर्मदा, मध्ये सातपुडा. लोकसंख्येत दोन तृतीयांशांहून जास्त आदिवासी. भिल्ल, पावरा, कोकणी, मावची. देशातलं पहिलं आधार कार्ड २०१०मध्ये आमच्याच शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. जनरल नॉलेजमध्ये तेवढाच एक मार्क आमच्या नावावर!

आणि सुपरनॅचरलची तर आमच्याकडे कमी नाही. दिवाळीत अस्तंब्याची यात्रा असते. त्या डोंगरावर अश्वत्थामा अजून फिरतो, कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागतो, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्याची भीती वाटायची, पण ती छान भीती होती. पांघरुणात घुसून ऐकायची.

एक शब्द मात्र असा होता, जो गोष्टीत सुद्धा मोठ्याने बोलत नसत. डाकीण.

माझी आई नर्स. नोकरीची बरीच वर्षं तिने धडगाव तालुक्यात, डोंगरातल्या एका उपकेंद्रावर काढली. लसीकरण, बाळंतपणं, तापाच्या गोळ्या. त्यामुळे डाकीण हे प्रकरण मला भुताच्या गोष्टीतून नाही, आईच्या जेवणानंतरच्या गप्पांतून कळलं. ती सांगायची ते साधारण असं. घरात मूल दगावतं. किंवा तरणाताठा माणूस तापाने जातो. दवाखाना लांब, रस्ता खराब, पावसाळ्यात तर विचारूच नका. आमच्या भागात सिकलसेल आहे, कुपोषण आहे, साप आहेत. पण ‘तुमच्या बाळाच्या रक्तातल्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या आहेत’ हे दुःखाने वेड्या झालेल्या बापाला कोण समजावणार? तो बडव्याकडे जातो. बडवा दाणे टाकतो, अंगात आणतो आणि सांगतो, कुणीतरी खाल्लं. मग ते ‘कुणीतरी’ शोधायचं.

ते सापडायला फार वेळ लागत नाही. बहुतेक वेळा बाईच असते. विधवा, एकटी, तोंडाने जरा फटकळ, किंवा जिच्या नावावर दोन एकर जमीन आहे आणि दिराचा तिच्यावर डोळा आहे. एकदा शिक्का बसला की पाण्यावर बंदी, लग्नात बोलावणं नाही, मुलाबाळांशी कुणी बोलणार नाही. मग मारहाण. मग गाव सोडणं. कधी कधी जीवच.

‘आजाराला नाव नसलं ना, की माणसाला नाव पडतं,’ आई म्हणायची. ती काही फिलॉसॉफर वगैरे नाही. चपात्या लाटता लाटता बोलायची.

होळीला घरी न गेलेली मुलगी

आठवी-नववीत माझ्या वर्गात एक मुलगी होती. डोंगरातल्या गावची, शहाद्यात मुलींच्या वसतिगृहात राहायची. गणितात माझ्यापेक्षा कैक पटीने हुशार. आमची दोस्ती अशी की डबा माझा, होमवर्क तिचा.

तुम्हाला सातपुड्यातली होळी माहीत नसेल तर तिचं महत्त्व कळायचं नाही. तुमची दिवाळी, गणपती, न्यू इयर सगळं एकत्र करा, त्याहून मोठी. अक्कलकुव्यातल्या काठीची राजवाडी होळी बघायला लोक कुठून कुठून येतात. अंगावर नक्षी, डोक्यावर मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरं, रात्रभर ढोल. सुरतेकडे ऊसतोडीला गेलेली माणसं सुद्धा होळीला परत येतात. वसतिगृह रिकामं होतं.

त्या वर्षी ती गेली नाही. पोटात दुखतंय म्हणाली. मी तिला घरी घेऊन आले. रात्री आईने तिच्या डोक्याला तेल लावताना हळूच विचारलं आणि तिने सांगितलं. गावात दोन पोरं गेली होती. बोट तिच्या आईकडे दाखवलं होतं. आई मामाच्या गावी पळाली होती, आणि मुलीला निरोप होता, येऊ नकोस.

तिने सांगितलेली एक गोष्ट मला अजून आठवते. त्या दोन पोरांतलं एक तिच्या सख्ख्या चुलत्याचं होतं. तिने त्याला कडेवर खेळवलं होतं. म्हणजे तिलाही रडायचं होतं, आणि रडायला तिला त्या घरी जागा नव्हती.

आता तुम्हीच सांगा. टीनएज आणि सुपरनॅचरल ड्रामा म्हणजे याहून वेगळं काय असतं? फक्त इथे बॅकग्राउंड म्युझिक नव्हतं.

आणि मग माती!

परत येऊ सनीडेलला. जॉइस स्वतःच्या लेकीला गुंगीचं औषध लावून बेशुद्ध करते. बफी, विलो आणि एमीला सिटी हॉलमध्ये खांबाला बांधतात. पायाशी सरपण म्हणून लायब्ररीतली पुस्तकं. आया काडी लावतात. काय सीन आहे, काटा येतो अंगावर! आई. लेकीला. जाळायला निघालीय.

इथून पुढे लेखकांना एकच प्रश्न सोडवायचा होता. आता ही आई परत आई कशी होणार?

आणि त्यांनी काय केलं? राक्षस काढला. ती दोन मेलेली मुलं मेलेलीच नसतात. तो एक राक्षस असतो, दर पन्नास वर्षांनी दोन मुलांचं रूप घेऊन गावागावांत आग लावत फिरणारा. १६४९ पासून. हॅन्सेल आणि ग्रेटेलच्या गोष्टीतली मुलं म्हणजे हीच. म्हणजे पालकांचा दोष शून्य, त्यांच्यावर जादू होती. एमी स्वतःला उंदीर बनवून सटकते, कॉर्डेलिया फायर होज घेऊन धावत येते, जाइल्स मंत्र म्हणतात. मुलांचा मिळून एक धिप्पाड राक्षस होतो, आणि बफी पाठीला बांधलेल्या खांबासकट वाकते तेव्हा तो खांब आपोआप त्याच्या मानेत घुसतो. बफीला दिसतही नाही, म्हणून ती विचारते, लागला का? हशा. खेळ खल्लास.

माझ्या रूममेट्स इथेच हसल्या, आणि सीन खरंच फनी आहे, त्यांचा काही दोष नाही. पण बॉस, तीस मिनिटं तुम्ही मला सांगत होतात की चांगली माणसं, प्रेमळ माणसं, डबा घेऊन येणारी माणसं एका आठवड्यात माणूस जाळायला तयार होतात. आणि एकतिसाव्या मिनिटाला सांगता, छे छे, ती माणसं नव्हतीच, राक्षसाने करवलं?

जरा विचार करा, हे लॉजिक कुणाचं आहे? बडव्याचं! ‘वाईट झालं ना, मग करणारी कुणीतरी अमानवी शक्ती असणार.’ गावाने तेच म्हणून विलोला बांधलं आणि लेखकांनी तेच म्हणून गावाला सोडलं. ज्या विचाराविरुद्ध एपिसोड उभा राहिला, त्याच विचाराच्या खांद्यावर बसून तो घरी गेला.

खऱ्या जगात हा राक्षस कधीच निघत नाही. १६९२ मध्ये अमेरिकेतल्याच सालेममध्ये चेटूक केल्याच्या आरोपावरून १९ जणांना फाशी दिलं गेलं. तिथे आरोप करणाऱ्यांत शाळकरी वयाच्या मुली होत्या. राक्षस कुणीच नव्हता. शेजारी होते, जमिनीची भांडणं होती, भीती होती. शेवटी राहिली ती माणसंच. आणि त्याच गावात राहिली.

आणखी एक फरक मला खटकतो. सनीडेलमध्ये मेलेल्या मुलांची नावं कुणाला माहीत नसतात, म्हणून गाव पेटतं. आमच्याकडे उलट आहे. सगळ्यांना सगळ्यांची नावं माहीत असतात. मेलेल्या बाळाचं नाव माहीत, त्याच्या बारशाला काय जेवण होतं ते माहीत. आणि जिच्यावर आरोप, ती कुणाची काकू, कुणाची वहिनी. अनोळखी माणसावर संशय घेणं सोपं असतं हे आपण सिनेमातून शिकलोय. सातपुड्यात मला दिसलं ते हे, की संशय घ्यायला ओळख लागते.

मग काय, सिरियल बंद करायच्या?

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. २०१६ मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली तेव्हा अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी आक्षेप घेतला होता, आणि घराघरांत वाद झाले होते. आमच्या घरीही झाला. मी आईला म्हटलं, ‘बघ, असल्या सिरियलींमुळे लोक बिघडतात.’ आई म्हणाली, ‘अगं, मी ज्या पाड्यांवर जायचे तिथे लाइटच नव्हती. टीव्ही कुठला? डाकीण त्याच्या कितीतरी आधीपासूनची आहे.’

पटलं मला. गोष्टी बंद करून काही होत नाही. व्हायला लागतं ते वेगळंच. नंदुरबारच्या डाकीण प्रथेविरुद्ध अंनिसच्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं पायपीट केलीय. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या कायद्यासाठी भांडत राहिले, तो यायला त्यांचा जीव जावा लागला. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात त्यांचा खून झाला, त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा मंजूर झाला. एखादी व्यक्ती करणी करते, जादूटोण्याने माणसं-जनावरं आजारी पाडते असं सांगून तिच्याबद्दल संशय पसरवणं, तिला त्यावरून छळणं हा आता गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. माझ्या मते या कायद्यातली सगळ्यात भारी गोष्ट ही, की मारहाण व्हायची वाट बघावी लागत नाही. शिक्का मारला, तिथेच गुन्हा.

म्हणून सगळं थांबलं का? नाही. २०२४च्या मे महिन्यात गडचिरोलीतल्या एटापल्ली तालुक्यात जादूटोण्याच्या संशयावरून दोघांना जिवंत जाळलं गेलं. त्याच वर्षाच्या शेवटी मेळघाटात ७७ वर्षांच्या एका आजींना त्याच संशयावरून मारहाण करून त्यांची धिंड काढल्याची तक्रार झाली. तेव्हा ऑक्टोबर आला की ऑफिसात हॅलोवीनची टूम निघते, टोकदार काळी टोपी हातोहात फिरते, आणि माझ्यापर्यंत आली की मी ती पुढे पास करते. कुणाचा मूड घालवायचा नसतो मला. आमच्या विलोने चेटकीण हा शब्द कूल केला, मुलींच्या हाती ताकद असण्याची गोष्ट सांगितली, आणि त्याबद्दल मी तिची आभारीच आहे. पण तो शब्द टी-शर्टवर मिरवता यायला आधी त्या शब्दावरून कुणी तुमच्या आईला गावाबाहेर काढलेलं नसावं लागतं. एवढंच.

तरीही बघा

एवढं झोडपून झाल्यावर सांगते, एपिसोड बघाच. कारण राक्षस मेल्यानंतर एक छोटासा सीन आहे, आणि तिथे लेखकांना पुन्हा सत्य सापडलंय. विलो सांगते की तिच्या आईला यातलं जवळजवळ काहीच आठवत नाही. सोयीचं तेवढं लक्षात, बाकीचं गायब. लेकीला जाळायला निघालेली बाई, तिला लक्षात काय राहतं? तर लेकीला एक बॉयफ्रेंड आहे, आणि त्याला आता जेवायला बोलवायचंय! लेखकांनी हा जोक म्हणून टाकलाय. मला विचाराल तर अख्ख्या एपिसोडमधली सगळ्यात भयंकर गोष्ट ती आहे. गाव विसरतं. ज्याने काडी धरली होती तो दुसऱ्या दिवशी दुकानात भेटतो आणि ‘काय, कसं काय?’ विचारतो. विसरायची चैन फक्त बांधणाऱ्याला असते.

(एमी मात्र पुढची जवळपास तीन वर्षं पिंजऱ्यात उंदीर होऊन बसते. सहाव्या सीझनमध्ये माणसात येते. म्हणजे सुटली तिची सुद्धा शिक्षा चालूच राहिली. हे लेखकांनी मुद्दाम केलं की गमतीत, देव जाणे. पण बरोब्बर बसतं.)

राहिली माझी वर्गमैत्रीण. ती शिकली, नोकरीला लागली, आईला स्वतःकडे घेऊन आली. जमीन गेली ती गेलीच. गावाकडून कुणी माफीबिफी मागितली नाही. चुलत्याच्या धाकट्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मात्र आली होती, पाच-सहा वर्षांनी, काही घडलंच नाही अशी.

आणि माझी आई? तिने भाषण कधीच केलं नाही. तिच्या हद्दीतल्या एका पाड्यावर अशीच एक शिक्का बसलेली बाई होती. आईचा नियम होता, त्या पाड्यावर लसीकरण असलं की सगळं काम आटपून त्या बाईच्या अंगणात जायचं, बाहेर खाटेवर, सगळ्यांना दिसेल असं बसायचं आणि तिच्या हातचा कोरा चहा प्यायचा. घाई न करता. पुढच्या महिन्यात लोक बघायचे, नर्सबाई धडधाकट परत आल्यात. त्याच्या पुढच्या महिन्यात पण. किती महिने लागले विचारलं तर म्हणाली, ‘मोजले नाहीत गं. पण एक दिवस माझ्यासोबतची आशाताई पण बसली. मग एक म्हातारी येऊन टेकली. तिनेही चहा मागितला.’

बफीच्या लेखकांनो, शेवटची दहा मिनिटं अशी लिहायची असतात. राक्षस लागत नाही, स्पेशल इफेक्टचा खर्चही नाही. एक खाट आणि चार कप, बस्स.